थूपासाठी घडवलेलं अक्षर

इसवी सन 100च्या सुमारास श्यू शन नावाच्या चिनी विद्वानानं अक्षरांचा एक कोश पुरा केला. 'श्वोवन च्येत्स' या नावानं तो आजही अभ्यासला जातो. त्यात 9,353 अक्षरं आहेत आणि प्रत्येकाची फोड करून दाखवली आहे: हा भाग कशाचा, तो भाग कशासाठी. घोड्यांच्या वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळी अक्षरं आहेत, भांड्यांना आहेत, धान्यांना आहेत, यज्ञाच्या प्रकारांना आहेत. पण आज चीनमधलं शाळकरी मूल ज्या अक्षरानं मनोरा, दीपस्तंभ, पाण्याची उंच टाकी आणि पिरॅमिड लिहितं, ते अक्षर त्यात सापडत नाही. ज्या वस्तूसाठी ते पुढं घडवलं गेलं, ती वस्तू अजून चिनी माणसाच्या रोजच्या जगात यायची होती.

986 साली श्यू श्वेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी राजाज्ञेवरून या कोशाची नवी प्रत सिद्ध केली. मधल्या काळात रूढ झालेली चारशेच्या वर अक्षरं त्यांनी मागाहून जोडली. त्यांत हे अक्षर आहे, आणि त्याचा अर्थ मोजक्या शब्दांत दिला आहे: पश्चिमेकडच्या देशांतला फूथू. फूथू म्हणजे स्तूप. दोन विद्वानांच्या मधल्या या जवळजवळ नऊशे वर्षांत आपल्याकडचा एक शब्द चिनी लिपीत घर करून बसला, आणि तिथून कोरिया, जपान, व्हिएतनामपर्यंत गेला. गेली काही वर्षं या एका अक्षराच्या मागं मी आहे. जे हाती लागलं त्यानं मला इतका आनंद दिला आहे की तो एकटीनं ठेवून घेणं बरं वाटत नाही.

आधी अक्षर हातानं काढून बघू. डावीकडे माती. तिच्या तीन रेघा: एक आडवी, तिच्यातून खाली उतरणारी उभी, आणि तळाशी पुन्हा एक आडवी. शेजारी दुसरा भाग बसायचा असतो, म्हणून ही तळची रेघ उजवीकडे जाताना किंचित वर उचलायची. उजव्या भागात सगळ्यात वर गवत, म्हणजे एका आडव्या रेघेला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा. गवताखाली छपरासारख्या उतरणाऱ्या दोन तिरप्या, त्यांच्या पोटात एक आडवी, आणि सगळ्यात खाली चौकोनी तोंड. एकूण बारा रेघा.

पुण्यात जपानी शिकताना वर्गात कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, लक्षात ठेवायला प्रत्येक जण गोष्टी रचायचा. या अक्षराची गोष्ट तर आयतीच होती. मातीचा ढिगारा, वर गवत उगवलेलं, आत काहीतरी झाकून ठेवलेलं. स्तूपाचं वर्णन याहून नेमकं काय करणार! आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षिकेनं, ती गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, "छान आहे, लक्षात ठेवायला वापरा. पण उजवी बाजू अर्थाची नाही, आवाजाची आहे."

चिनी लिपीतली बहुतेक अक्षरं अशीच बांधलेली असतात. एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चार सांगतो. उजवीकडचा हा भाग मुळात एका कडधान्याचं नाव होता, त्यावरचं गवत त्या वेलीचं. स्तूपाशी त्याचा काहीएक संबंध नाही. कुणाला तरी एक परका आवाज लिहायचा होता, त्या आवाजाच्या जवळ जाणारं हे अक्षर सापडलं, त्याच्या डावीकडे माती लावली आणि नवं अक्षर तयार झालं. मला ही हकीकत रचलेल्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. मातीतून कळतं त्या लोकांनी काय पाहिलं, आणि कडधान्यातून कळतं त्यांनी काय ऐकलं.

त्यांनी जे ऐकलं ते संस्कृतातलं 'स्तूप' नव्हतं. ते पाली-प्राकृतातलं 'थूप' किंवा त्याच्या जवळचं एखादं रूप होतं. हा शब्द दगडात कोरलेला पाहायचा असेल तर फार लांब जायला नको. लोणावळ्याच्या अलीकडे मळवली स्टेशनला उतरून भाजे लेणी चढायची. मोठं चैत्यगृह ओलांडून पुढं गेलं की कातळातच घडवलेल्या चौदा लहानमोठ्या स्तूपांचा एक समूह लागतो. पाच आत, छताखाली, नऊ बाहेर. बाहेरच्यांच्या अंगावर पावसाळ्यात हिरवी बुरशी चढते आणि उन्हाळ्यात काळा पडलेला दगड तापतो. हे स्तूप त्या विहारातल्या थेरांचे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंचे. काहींवर ब्राह्मीत नावं आहेत: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. थेर भदंत अमुक यांचा थूप, अशा घाटाचा लेख. दोन हजार वर्षांहून जुना.

ब्राह्मीतला 'थ' म्हणजे एक वर्तुळ आणि मधोमध एक ठिपका. स्तूपाचा वरून काढलेला नकाशा असाच दिसेल: गोल बांधकाम आणि मध्यभागी अस्थींचा करंडा. हा निव्वळ योगायोग आहे, त्या अक्षराचा आकार स्तूपावरून आलेला नाही. तरी तिथं उन्हात उकिडवं बसून तो ठिपका बोटानं चाचपडताना मला भरून आलं.

हा 'थ' पुढं महत्त्वाचा ठरतो. रोमन लिपीत या अक्षराचे उच्चार वाचले तर बहुतेक ठिकाणी नुसता 'त' आहे असं वाटतं. देवनागरीत आपल्याला 'त' आणि 'थ' वेगळे लिहिता येतात, त्यामुळे नातं झटकन दिसतं. ज्या काळात हे अक्षर घडलं त्या काळच्या चिनीत त्याचा उच्चार 'थाप्'च्या जवळचा होता. शेवटचा 'प' तोंडातल्या तोंडात मिटणारा. पुढं उत्तरेकडच्या चिनी बोलींतून शब्दाच्या शेवटी येणारे असे प, त, क झडून गेले, म्हणून आजच्या प्रमाण चिनीत ते 'था' आहे. दक्षिणेत कँटनच्या बोलीत अजून 'थाप' आहे. कोरियात 'थाप'. व्हिएतनाममध्येही 'थाप'. कोरियन आणि व्हिएतनामी माणसं रोजच्या व्यवहारात चिनी अक्षरं आता लिहीत नाहीत. कोरियन आपल्या हंगुल लिपीत लिहितात, व्हिएतनामी रोमनमध्ये. अक्षर हातातून गेलं, पण त्यासाठी घडवलेला आवाज तोंडात राहिला, तोही शेवटच्या 'प'सकट. जपानी भाषेत 'थ' नाही आणि शब्द 'प'वर संपत नाही. त्यांनी पुढं एक 'उ' जोडून 'ताफु' केलं. बोलता बोलता त्याचं 'ताउ' झालं आणि मग 'तोऽ'. जुन्या जपानी लेखनपद्धतीत मात्र ते 'ताफु' असंच लिहीत.

हे अक्षर रुळायच्या आधी स्तूपाला चिनीत कितीतरी नावं होती. 'फूथू' हे त्यांतलं जुनं. ते बुद्धालाही वापरत आणि त्याच्या स्तूपालाही. तिसऱ्या शतकातल्या एका इतिहासग्रंथात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एका अधिकाऱ्यानं बांधलेल्या फूथूच्या देवळाचं वर्णन येतं: वर तांब्याच्या नऊ थाळ्या एकाखाली एक, आणि खाली मजल्यांवर मजले चढवलेली इमारत. हे वाक्य लक्षात ठेवावं, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे. फूथू आज एका म्हणीत उरलं आहे: एक जीव वाचवणं हे सात मजली फूथू बांधण्यापेक्षा थोर.

406 साली कुमारजीव या भिक्षूनं सद्धर्मपुंडरीक सूत्र या बौद्ध ग्रंथाचं चिनी भाषांतर केलं. त्यात मात्र आपलं मातीचं अक्षर ठायी ठायी आहे. एका प्रकरणाच्या नावातच ते आहे. त्यात रत्नखचित स्तूप जमिनीतून वर येतो आणि आकाशात स्थिरावतो. आणखी एका ठिकाणी म्हटलं आहे की ज्या मुलांनी खेळता खेळता वाळूचे ढीग करून बुद्धाचे स्तूप रचले, त्यांनाही बोधी मिळाली. किती उदार कल्पना! त्या ओळीवरून चिनीत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार झाला: वाळू गोळा करत स्तूप होतो. आपण थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो, तिथं ते हे म्हणतात. पैसे साठवणाऱ्यापासून ते निवडणुकीत वर्गणी गोळा करणाऱ्यापर्यंत कुणीही वापरतो.

मग सातव्या शतकात ह्युएन त्संग आला. आपल्याला तो शाळेपासून माहीत आहे, कारण तो महाराष्ट्रात आला होता आणि पुलकेशीबद्दल, इथल्या मानी माणसांबद्दल त्यानं लिहून ठेवलं. त्याच मजकुरात पुढं तो सांगतो की राजधानीच्या आतबाहेर अशोकानं बांधलेले पाच स्तूप आहेत. हे पाच स्तूप लिहिताना त्यानं आपलं सुटसुटीत अक्षर घेतलेलं नाही. त्यानं 'स्तूप'चे तीन तुकडे केले आणि प्रत्येकाला एक अक्षर दिलं, 'सु-तु-पो' असं काहीसं. नालंदात शिकलेला माणूस तो. संस्कृत उच्चार त्याच्या कानात पक्का होता. आपल्या ग्रंथात एका ठिकाणी त्यानं स्तूपाची आधीची सगळी चिनी रूपं ओळीनं दिली आहेत, त्यात आपल्या अक्षरापासून बनलेलं एक रूपही आहे. आणि शेरा मारला आहे: ही सगळी अपभ्रष्ट आहेत.

त्याचं म्हणणं मला समजतं. मूळ शब्द ज्याला माहीत आहे त्याला झिजलेलं रूप खटकतंच. पण इथं मी त्याच्या बाजूची नाही. त्यानं जे अपभ्रष्ट म्हटलं ते प्राकृताच्या तोंडून आलं होतं, व्यापाऱ्यांच्या, भिक्षूंच्या, दुभाष्यांच्या तोंडून. भाज्याच्या दगडावरचा शब्दही तोच आहे. संस्कृत उच्चार शुद्ध खरा, पण ज्यांनी स्तूप बांधले, त्यांना दान दिलं आणि त्यांवर आपलं नाव कोरलं, त्यांची भाषा 'थूप' म्हणत होती.

भारतातून आणलेल्या पोथ्या आणि मूर्ती सुरक्षित ठेवायला त्यानं 652 साली राजधानी छांगआनमध्ये, म्हणजे आजच्या शीआनमध्ये, एक इमारत बांधायला घेतली. चिनी जुना घाट बाजूला ठेवून त्यानं भारतातल्या स्तूपांचा घाट धरला. सम्राटानं दगडाऐवजी विटा सुचवल्या. त्याचं चरित्र सांगतं की टोपल्या उचलून विटादगड वाहायला तो स्वतः लागत असे. पाच मजल्यांची ती इमारत पन्नासेक वर्षांत खचली आणि 701 ते 704 च्या दरम्यान नव्यानं बांधली गेली, चिनी घाटाची. आज ती सात मजली आहे आणि शीआनची ओळख आहे. तिचं नाव 'तायान था', रानहंसाचा मोठा था. त्याचं तीन अक्षरांचं शुद्ध रूप अभ्यासकांपाशी राहिलं. लोकांनी त्याच्याच वास्तूला मातीचं अक्षर दिलं.

आता त्या तांब्याच्या थाळ्यांकडे. सांची मनात आणली की स्तूप म्हणजे उपडं ठेवलेलं अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका, तिच्यातून निघालेली यष्टी आणि यष्टीवर छत्रं. चीनमधला किंवा जपानमधला पॅगोडा पाहिला तर यातलं काहीच दिसत नाही. मजले, उतरती छपरं, कोपऱ्यांवरच्या घंटा. मग हा स्तूप कसा? उत्तर अगदी वर आहे. छपरावरचा तो धातूचा दांडा नीट पाहावा. नारा शहराजवळच्या होर्युजी मंदिराच्या पाच मजली तोऽवर, किंवा जपानमधल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या तोऽवर, खालून वर जाताना आधी एक चौकोनी बैठक लागते, मग एक उपडा गोल, ज्याला जपानीत 'उपडा कटोरा' अशाच अर्थाचं नाव आहे, मग नऊ कडी आणि शेंड्याला मणी. उपडा कटोरा म्हणजे अंड. नऊ कडी म्हणजे छत्रावली. अख्खा सांचीचा स्तूप आक्रसून छपराच्या टोकाला बसला आहे. चिनी कारागिरांना उंच मजली वास्तू बांधायची कला आधीपासून अवगत होती. पाहुणा आला तेव्हा त्यांनी त्याला आपल्या सगळ्यात उंच घराच्या माथ्यावर बसवलं.

होर्युजीच्या त्या तोऽच्या मध्यातून एकच उभा खांब वरपर्यंत गेला आहे. त्याच्या लाकडाच्या वलयांवरून ते झाड 594 साली तोडलं गेल्याचं निघालं. खांबाच्या तळाशी, जमिनीच्या पोटात, अस्थिधातूंचा करंडा. मजले चढायला, राहायला, देखावा बघायला नाहीतच मुळी. ती सगळी इमारत त्या खांबाभोवतीचं वस्त्र आहे.

अशा वास्तूंमध्ये सगळ्यात थोर असेल ती चीनमधल्या लुओयांगची. 516 साली एका राजमातेनं बांधवलेली, नऊ मजल्यांची, लाकडी. 534 मध्ये तिला आग लागली. 547 च्या सुमारास लिहिलेल्या एका वर्णनात म्हटलं आहे की आग तीन महिने विझली नाही, तीन भिक्षूंनी ज्वाळांत उड्या घेतल्या, आग खांबांच्या मुळांवरून जमिनीत शिरली आणि वर्षभर धूर येत राहिला. त्याच पुस्तकात दिलेली हजार चिनी फुटांची उंची कुणी जशीच्या तशी मानत नाही. पण उत्खननात जो चौरस पाया सापडला त्याची एक बाजू सुमारे 38 मीटर आहे. ती आग डोळ्यांसमोर आणली की अंगावर काटा येतो.

घुमटाचा मूळ आकार चीनमध्ये पुन्हा आला तो कुबलाई खानाच्या काळात. नेपाळमधल्या अरनिको नावाच्या कारागिरानं 1271 ते 1279 या काळात बीजिंगमध्ये पांढरा स्तूप उभारला. तो अजून उभा आहे, आणि त्यालाही 'पांढरा था'च म्हणतात. गोल असो की मजली, अक्षर एकच.

थाच्या पोटात काय ठेवायचं, हा प्रश्न मला त्याच्या आकाराइतकाच मोठा वाटतो. बुद्धाच्या अस्थी किती पुरणार? भारतातच त्यावर तोड निघाली होती: बुद्धाचं वचन हीच त्याची अस्थी. 'ये धर्मा हेतुप्रभवा' ही गाथा उमटवलेल्या मातीच्या लहान मुद्रा करून स्तूपांत ठेवत. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांतही अशा मुद्रा सापडल्या आहेत. ही कल्पना पूर्वेकडे गेली तेव्हा तिथं कागद होता आणि छपाईची कला आकार घेत होती. पुढं जे झालं ते विलक्षण आहे. जपानच्या सम्राज्ञी शोतोकू हिनं 764 च्या बंडानंतर दहा लाख छोटे लाकडी तोऽ करवून घेतले. 770 मध्ये काम पुरं झालं. वीतभर उंचीचे हे तोऽ, प्रत्येकाच्या पोकळीत छापलेल्या धारणीची, म्हणजे बौद्ध मंत्रपाठाची, गुंडाळी, आणि दहा मंदिरांना ते वाटून दिलेले. होर्युजीत त्यांतले चाळीस हजारांहून अधिक अजून आहेत. कोरियात ग्योंगजूच्या बुल्गुक्सा मंदिरातला सोक्काथाप, म्हणजे शाक्यमुनींचा थाप, 1966 मध्ये दुरुस्तीसाठी उघडला तर आत धारणीची छापील गुंडाळी निघाली. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी ती एक मानली जाते.

आणि चीनमधल्या हांगचौच्या सरोवराकाठचा लेइफेंग था. पांढऱ्या नागिणीच्या दंतकथेत नायिकेला याच्याखाली कोंडलेलं असतं, त्यामुळे तो घराघरांत माहीत. त्याच्या विटेत बरकत असते या समजुतीनं लोक पिढ्यान्‌पिढ्या तळच्या विटा काढून नेत राहिले, आणि 25 सप्टेंबर 1924 रोजी तो कोसळला. तेव्हा कळलं की कित्येक विटा पोकळ होत्या आणि त्यांत 975 साली छापलेल्या धारणी होत्या. 2001 मध्ये पायाखालचं तळघर उघडलं, तर तिथं चांदीचा एक छोटा स्तूप मिळाला, अशोकाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या घाटाचा. अशोकानं 84,000 स्तूप बांधले या आख्यायिकेला अनुसरून तिथल्या राजानं तितकेच लहान धातूचे स्तूप करवले होते. आपल्या सम्राटाचं नाव हांगचौच्या जमिनीखाली हजार वर्षं जपलेलं होतं. 2002 मध्ये था नव्यानं उभा राहिला.

भाज्याच्या चौदा स्तूपांची भावंडं पाहायची असतील तर शाओलिनला जावं. मंदिरापासून जवळच 'था-लिन' आहे, थांचं वन. दोनशेहून जास्त विटांचे आणि दगडांचे था, प्रत्येक एका भिक्षूचा, त्याच्या मानाप्रमाणे उंच किंवा ठेंगणा. व्हिएतनाममध्ये जुन्या मंदिरांच्या आवारात 'वुअन थाप' असतात, थापांची बाग. तिथंही भिक्षूंच्याच समाध्या. काळ आणि अंतर प्रचंड, पण रीत जशीच्या तशी: गुरू गेला की त्याचा थूप, नाव कोरून, सगळ्यांना एकत्र एका जागी.

जपाननं एक वेगळीच गोष्ट केली. त्यांनी झिजलेलं रूपही ठेवलं आणि पूर्णही. 'तोऽ' म्हणजे उंच वास्तू. आणि 'सोतोबा', म्हणजे स्तूपाचं पूर्ण लेखन, ते राहिलं कबरीमागं. नारामधल्या एका मंदिराच्या कबरस्तानात मी ते पहिल्यांदा जवळून पाहिले. कबरीच्या मागं माणसाहून उंच, अरुंद, पातळ फळ्या उभ्या केलेल्या. नवी असेल ती पिवळसर, जुनी पावसानं राखाडी. पुण्यतिथीला घरची माणसं ती मंदिराकडून करवून घेतात. फळीच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी खाचा असतात. त्यांतून पाच आकार निघतात, वरून खाली: मणी, अर्धचंद्र, त्रिकोण, वर्तुळ, चौकोन. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. आणि त्या पाच आकारांखाली शाईनं पाच बीजाक्षरं: ख, ह, र, व, अ. लिपी सिद्धम, आपल्या देवनागरीची जवळची नातलग. थोडा वेळ बघत उभं राहिलं की ओळखीची वळणं दिसू लागतात. मृताचं नाव चिनी अक्षरांत, पंचमहाभूतं भारतीय लिपीत, आणि दोन्हींना धरून ठेवणारी फळी स्तूपाच्या नावाची. कारागिराला, पुजाऱ्याला, घरच्या लेकीसुनांना हे सगळं रोजचंच. मला तिथून पाय काढवेना.

कोरियात थाप म्हणजे प्रामुख्यानं दगडी. बुल्गुक्साच्या अंगणात सोक्काथापच्या शेजारी दाबोथाप आहे. कुमारजीवाच्या त्या प्रकरणात जमिनीतून वर येणारा रत्नस्तूप तो हाच. दोन थाप एकमेकांसमोर उभे करून त्यांनी ते प्रकरणच अंगणात मांडलं आहे. दाबोथाप दहा वॉनच्या नाण्यावरही आहे. सोलमध्ये थापगोल बाग आहे, पंधराव्या शतकातल्या दहा मजली दगडी थापवरून तिचं नाव पडलं. 1 मार्च 1919 रोजी जपानी सत्तेविरुद्धचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा या बागेत वाचला गेला. कोरियन म्हण सांगते: मन लावून रचलेला थाप कोसळेल का? परीक्षेच्या आधी आई मुलाला हे म्हणते. आणि डोंगरवाटांवर जाणारी येणारी माणसं एक एक दगड ठेवत 'दोलथाप' रचतात, मनात एखादी इच्छा धरून. आपल्याकडेही डोंगरावरच्या देवस्थानाच्या वाटेला भाविक दगडावर दगड ठेवतात. स्तूप या शब्दाचा मूळ अर्थ ढीग, रास. कोरियातल्या डोंगरावर तो शब्द त्या मूळ अर्थाच्या पार जवळ जाऊन पोचला आहे.

व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर चंपा नावाचं राज्य होतं. तिथले राजे जयसिंहवर्मा अशी नावं धारण करत, संस्कृतात शिलालेख कोरत आणि शिवाची विटांची देवळं बांधत. व्हिएतनामी माणसं उत्तरेकडून खाली आली तेव्हा त्यांनी त्या लाल, उंच देवळांना थाप म्हटलं. फान रांग इथल्या टेकडीवरचा पो क्लोंग गराई हा त्यांतला एक. गाभाऱ्यात मुखलिंग आहे आणि चाम लोक तिथं आजही पूजेला येतात. शहराचं नावच 2025 पर्यंत फान रांग-थाप चाम होतं. थाप चाम नावाचं रेल्वे स्टेशनही आहे. भारतातून निघालेला बौद्ध शब्द चीनला वळसा घालून, समुद्रमार्गे थेट भारतातून गेलेल्या शिवालयाला जाऊन चिकटला! या अक्षराच्या सगळ्या प्रवासात मला हा टप्पा सर्वांत जास्त प्रिय आहे.

पुढं लोखंड आलं आणि अक्षर भराभर पसरलं. आयफेल टॉवर चिनीत 'आयफेलचा लोखंडी था'. विजेच्या तारांचे सांगाडे जपानीत 'तेत्तोऽ', कोरियनमध्ये 'छोलथाप', दोन्हींचा अर्थ लोखंडी स्तूप. विमानतळावरचा नियंत्रण मनोरा हाही तोऽ आणि थाप. दीपस्तंभाला मात्र फक्त चिनी 'दिव्याचा था' म्हणतात. जपानी आणि कोरियन त्याला दिव्याचा कट्टा म्हणतात. पिरॅमिडसाठी 'सोनं' या अर्थाच्या अक्षराचा आधार घेतला, कारण ते अक्षर वर निमुळतं आणि खाली पसरट दिसतं: सोनं-अक्षराच्या आकाराचा था. चिनी आणि व्हिएतनामीत याचा अर्थ सरळ पिरॅमिड. जपानी आणि कोरियनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ चिरकाल टिकेल अशी कामगिरी. एखाद्या खेळाडूनं विक्रम केला की वर्तमानपत्रं हा शब्द वापरतात. मराठीत स्तूप, मनोरा, दीपस्तंभ, पॅगोडा हे वेगवेगळ्या दारांनी आलेले शब्द आपापल्या जागी बसले. स्तूप संस्कृतातून, मनोरा अरबीतून, आणि गोराईच्या विपश्यना केंद्रामुळे पॅगोडाही आता मुंबईकरांच्या तोंडी आहे. चिनीत या सगळ्यांचा भार एकट्या मातीच्या अक्षरानं उचलला.

शिवाय ते नुसत्या आवाजासाठीही राबतं, जसं त्याचं अर्धं अंग पहिल्यापासून राबत आलं आहे. ताजिकिस्तानच्या नावातला पहिला आवाज लिहायला हेच अक्षर. तैवानमध्ये अंड्याची गोड टार्ट लिहायलाही हेच. आणि चिनी वर्तमानपत्रात मुंबईच्या टाटा समूहाची बातमी येते तेव्हा मथळ्यात हे अक्षर दोनदा लागोपाठ छापलेलं असतं, 'थाथा'. मोटारी, पोलाद, सॉफ्टवेअर, कशाचीही बातमी असो, डावीकडे माती, उजवीकडे गवताखालचं कडधान्य, आणि पुन्हा एकदा तेच.